अळसांदे-कुळीथ पुन्हा पिकावेत आणि पोरांच्या पानात पडावेत, यासाठी ग्रामसभेत नेमकं काय मागू?

पेडण्याची बाई

नमस्कार मंडळी. मी पेडणे तालुक्यातल्या एका गावात मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. सासरे वारल्यापासून त्यांचं हजार चौरस मीटरचं शेत मीच करते. खेर जमीन आहे, रेताड, पाणी फार दिवस धरत नाही. पावसाळ्यात भात होतं आणि भात कापलं की उरलेल्या ओलीवर अळसांदे पेरते. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: अळसांदे म्हणजे चवळीच्याच कुळातलं कडधान्य, पण दाणा चवळीपेक्षा चांगला थोराड आणि शिजला की आतून मेणासारखा मऊ. खोबरं भाजून, वाटून त्याचं तोणाक केलं की त्या दिवशी घरात नुस्तं, म्हणजे मासळी, नाही याची कोणाला आठवण होत नाही.

सासरे म्हणायचे, तुळशीचं लग्न लागलं की पेरायचं आणि शिमग्याला नवे अळसांदे पानात घ्यायचे. त्यांच्या उमेदीत आमचा सगळा मळा फेब्रुवारीत हिरवा असायचा. कोणाचे अळसांदे, कोणाचे मूग, वर मोरडीला, म्हणजे चढावरच्या जमिनीत, कुळीथ. आज त्या मळ्यात पेरणारे आम्ही दोघंच उरलो. बाकी सगळं भात कापल्यावर जूनपर्यंत ओसाड पडून असतं.

माझा तीन हंगामांचा हिशेब वहीत आहे. पहिल्या वर्षी ४१ किलो सुके दाणे झाले. दुसऱ्या वर्षी शेंगा भरत आल्या असताना एका रात्री सुटी गुरं शिरली. सकाळी सहाला जाऊन बघते तर वेल मुळासकट उपटलेले, उरलेले पायाखाली तुडवलेले. त्या वर्षी ६ किलो. बांधावर बसून रडले, खोटं कशाला सांगू. तिसऱ्या वर्षी यजमान आणि मी फेब्रुवारीचा अख्खा महिना आळीपाळीने राखण केली, तेव्हा कुठे ५२ किलो हाती लागले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. माझ्या शाळेत ४० मुलं आहेत. माध्यान्ह आहारात आठवड्यातून दोनदा पाव आणि वाटाण्याची पातळभाजी येते. मुलं आवडीने खातात, स्वयंपाक करणाऱ्या बायकांबद्दल माझी काडीची तक्रार नाही. पण हा सुका वाटाणा आपल्या देशात मुख्यतः कॅनडा आणि रशियातून येतो. आणि शाळेपासून हाकेच्या अंतरावर माझ्या घरात डबे भरून अळसांदे पडलेले, जे विकायला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसायचं तर मला रजा टाकावी लागते. तीन वर्षं ही गोष्ट मला टोचते आहे.

येत्या ग्रामसभेत कडधान्यांचा विषय मांडायचं ठरवलंय. आमच्या वाड्याचे पंच म्हणाले, "बाई, दोनच मागण्या आणा, पण पक्क्या आणा. मोठी यादी दिलीत तर ती कपाटात जाईल." ज्याला विचारावं तो सांगतो, अनुदान मागा. पण माझं अडलं होतं ते बियाण्याच्या पैशापाशी नव्हतंच. ते कुठे अडलं, हे मला माझ्यापुरतं कळतं. गावासाठी काय मागावं ते कळत नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा.

डिचोलीचा शेतकरी

बाई, तुमचं दुसरं वर्ष वाचून पोटात कालवलं. आमच्याकडे हेच दोनदा झालं.

पहिली मागणी गुरांची करा. बाकीचं मागाहून. भात कापलं की मळा गुरांना मोकळा, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे आणि त्यात वाईट काही नाही. पण पूर्वी बहुतेक सगळेच दुसरं पीक घेत, त्यामुळे मळा मोकळा होण्याचा दिवस शिमग्यानंतरचा असे. वाड्याचा एक राखणो असे, त्याला घरटी भात मिळे. पेरणारे कमी झाले तसा तो दिवस अलीकडे सरकत गेला आणि आता दिवाळीतच गुरं सुटतात. अशात एकट्याने पेरलेलं शेत म्हणजे साऱ्या गावच्या गुरांसाठी वाढलेलं ताट.

आम्ही चार वर्षांमागे ११ घरं एकत्र आलो. सगळ्यांची मिळून साधारण २२ हजार चौरस मीटर जमीन, एकाला एक लागून. ठरलं ते एवढंच, की पेरणी सगळ्यांनी एकाच आठवड्यात करायची आणि रोज रात्री दोन घरांनी राखण करायची. माझी पाळी महिन्यातून पाच-सहा वेळा येते, तेवढं झेपतं. पहिल्या वर्षी गुरं बाळगणाऱ्या तिघांशी भांडण झालं. त्यांचंही खरं होतं, चारा कुठून आणायचा? मग आमच्यातल्या एका म्हाताऱ्या काकींनी तोड काढली: शेंगा खुडून झाल्यावर जे वेल राहतात ते सगळे त्या तिघांना फुकट द्यायचे. वाळलेला अळसांद्याचा पाला गुरं आवडीने खातात. तेव्हापासून तेच तिघे दुसऱ्यांची गुरं हाकलतात.

कुंपणाला अनुदान मिळतं, पण आपल्या चिंधीएवढ्या तुकड्याला वेगळं कुंपण घालून काय होणार? घालायचं तर अख्ख्या मळ्याला. ग्रामसभेत ठराव असा मागा की अमुक मळा शिमग्यापर्यंत बंद, आणि पंचायतीने कोंडवाडा चालू ठेवावा. तारीख ठरावात लिहून घ्या. तारखेशिवायचा ठराव काही कामाचा नाही.

मोरांचं मात्र आमच्याकडे औषध नाही. पेरल्यावर पहिले आठ दिवस सकाळ-संध्याकाळ पोरांना पाठवतो.

निवृत्त कृषी सहायक, सत्तरी

बाई, ३१ वर्षं शेतकऱ्यांच्या बांधांवर फिरलो. थोडं सविस्तर लिहितो, कारण ग्रामसभेत कोणीतरी उठून "केंद्राची योजना आहे ना" असं म्हणणारच.

योजना आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने डाळींच्या आत्मनिर्भरतेचं मिशन सुरू केलं. ११,४४० कोटी रुपये, सहा वर्षं, आणि २०३०-३१ पर्यंत देशात ३५० लाख टन उत्पादनाचं उद्दिष्ट. सध्या देश साधारण २५० लाख टन पिकवतो आणि २०२४-२५ मध्ये ७० लाख टनांहून जास्त डाळी, कडधान्यं आयात झाली. म्हणून ही धावपळ. नोंदणी केलेल्या शेतकऱ्याने आणली तेवढी तूर, उडीद आणि मसूर चार वर्षं हमीभावाने घेण्याचं त्यात वचन आहे. काम चांगलं आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही.

पण आपल्या मळ्यात उभं राहून बघा. हमीभाव पाचच कडधान्यांना आहे: तूर, मूग, उडीद, हरभरा, मसूर. मुगाला २०२५-२६ साठी क्विंटलमागे ८,७६८ रुपये. अळसांदे त्या यादीत नाहीत, कुळीथही नाही. म्हणजे आपल्या खेरीत आणि मोरडीत पाटाच्या पाण्याशिवाय, दवावर आणि उरल्या ओलीवर येणारी जी दोन पिकं, त्यांचा भाव केंद्राच्या कागदावर कुठेच नाही. ज्याला भाव नाही त्याची खरेदी नाही, आणि ज्याची खरेदी नाही ते शिकवायला, दाखवायला कोणी फिरकत नाही. हे मी आतून बघितलेलं आहे.

ते दिल्लीहून बदलून घेणं पंचायतीच्या आवाक्यातलं नाही. राज्याकडे मात्र मागता येईल. आपलं फलोत्पादन महामंडळ गोव्यातल्या शेतकऱ्याची भाजी आधी ठरवलेल्या दराने घेतं आणि गावोगावच्या गाड्यांवर विकतं. भेंडी-वाल घेतात तसे सुके अळसांदे आणि कुळीथ मार्च ते मे या काळात घ्या, दर नोव्हेंबरात पेरणीआधी जाहीर करा, अशी मागणी करा. दर पेरणीआधी कळला तर माणूस पेरतो. पीक आल्यावर कळलेल्या दराचा त्याला काय उपयोग?

आता उताऱ्याचं. तुमच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे आपल्या गोव्याच्या सातबाऱ्यावर, अजून सासऱ्यांचंच नाव असेल, नाही का? बहुतेक घरांत असंच आहे. मग कृषी कार्ड अडतं आणि कार्ड अडलं की अनुदान, कुंपण सगळंच अडतं. शेत बाई करते आणि कागद गेलेल्या माणसाच्या नावाचा, अशी किती शेतं पाहिली त्याची गणती नाही. म्हणून गटाच्या नावाने अर्ज घ्या, निदान पंचायतीने "ही बाई हे शेत करते" असा दाखला द्यावा, एवढं तरी ठरावात घाला.

आणि एक गोष्ट मागण्यांतली नाही, तुमच्या वर्गातली आहे. बियाण्याला रायझोबियमचं जिवाणू खत लावून पेरा. २५० ग्रॅमचं पाकीट १० किलो बियाण्याला पुरतं. गुळाच्या गार पाण्यात कालवून दाण्यांना हलक्या हाताने चोळायचं आणि सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरायचं, उन्हात अजिबात ठेवायचं नाही. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी मुलांना शेतावर न्या आणि एक रोप खालची माती सैल करून अलगद उपटा. मुळांवर मोहरीएवढ्या, मिरीएवढ्या गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी असेल तर तिच्यातले जिवाणू हवेतला नत्र बांधताहेत. पांढरट किंवा हिरवी असेल तर त्या गाठीचं काम चाललेलं नाही. मी पहिल्यांदा एका शेतकऱ्याच्या नातवाला हे दाखवलं होतं, त्याने मग सगळ्या वाड्याची रोपं उपटायला काढली. त्या घरात आज तो मुलगाच शेती करतो. अळसांद्यामागून आलेल्या भाताला युरिया हात आखडून टाकला तरी चालतो, हा माझा नेहमीचा अनुभव.

बियाणं गावठीच ठेवा. नवं हवंच असेल तर जुन्या गोव्याला एला इथे किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तिथे चौकशी करा.

गटातली

बाई, मी तुमच्याच बाजूच्या तालुक्यातली, शाळांना जेवण देणाऱ्या स्वयंसाहाय्य गटात आहे. आमच्या गटात नऊजणी. आमची बाजू कोणी विचारत नाही म्हणून लिहिते.

नियमाप्रमाणे प्राथमिकच्या मुलाला दिवसाला २० ग्रॅम कडधान्य आणि वरच्या वर्गांना, म्हणजे सहावी ते आठवीला, ३० ग्रॅम. केंद्राने १ मे २०२५ पासून साहित्याचा दर प्राथमिकच्या मुलामागे ६ रुपये ७८ पैसे केला. त्यात राज्य आपली भर घालतं. पण त्याच पैशांत कडधान्य, भाजी, तेल, मसाला, खोबरं आणि गॅस बसवायचा. नारळाचा भाव तुम्हाला सांगायला नको.

वाटाणा आम्ही का घेतो? स्वस्त आहे हे एक. पण त्याहून मोठं कारण सांगते: तो उधार मिळतो. आमची बिलं कधी दोन महिन्यांनी निघतात, कधी तीन. दुकानदार तेवढं थांबतो. तुम्ही थांबाल? तुमच्यासारख्या दहा बायकांकडून पाच-पाच किलो घ्यायचे आणि प्रत्येकीला म्हणायचं, गणपतीनंतर पैसे देते? मला ते तोंड होणार नाही. त्यांचे कष्ट मला दिसतात.

मुलं खातील का, याची काळजी करू नका. मोड आलेल्या मुगाची भाजी पहिली-दुसरीची मुलं बाजूला सारतात, ते आम्ही रोज बघतो. मुगागाठी म्हणजे अशीच मुगाची भाजी, ती घरी गणेशचवथीला चाटून खाणारी तीच मुलं शाळेत डबा परत पाठवतात, कारण एवढ्या मोठ्या टोपात मूग फार शिजून त्याचा लगदा होतो. अळसांद्यांचं तसं होत नाही. मागच्या श्रावणात एका सोमवारी माझ्या जावेने घरचे चार किलो दिले, आम्ही तोणाक केलं. थोडा बटाटा घातला, तिखट बेताचं. पावाने ताटं पुसून घेतली मुलांनी. एका शाळेच्या शिक्षिकेचा फोन आला, आज काय होतं म्हणून.

रात्रभर भिजत घालायला लागतात, ते वाटाण्यालाही लागतंच. गॅस जास्त जात नाही. कुळथाची पिठी मात्र पावाबरोबर चालत नाही, तिला भातच हवा. कुळीथ देणार असाल तर भाताच्या दिवशी द्या.

आम्हाला आनंदाने करायचंय. फक्त फरकाचे पैसे आणि उधारी, या दोन गोष्टी कोणीतरी अंगावर घ्यायला हव्यात.

पेडण्याची बाई

तुमचं वाचून रात्री अकराला वही काढली. उधारीचं माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. तीन वर्षं मी मनात म्हणत होते की या बायका माझे अळसांदे का घेत नाहीत, आणि त्या बिचाऱ्या स्वतःचेच पैसे अडकवून आमची मुलं जेववत होत्या. वहिनी, मनापासून क्षमा मागते.

हिशेब असा झाला. माझ्या शाळेत ४० मुलं. आठवड्यातून एक दिवस अळसांदे, २० ग्रॅमप्रमाणे ८०० ग्रॅम. सुट्ट्या सोडून वर्षाला ३५ आठवडे धरले तर २८ किलो. एवढे तर माझ्या एकटीच्या शेतातून निघून घरालाही उरतात. मी २०० रुपये किलोने दिले तर मुलामागे ४ रुपये पडतात. वाटाणा १०० च्या आसपास धरला तर २ रुपये. फरक २ रुपयांचा. ४० मुलं, ३५ आठवडे, म्हणजे वर्षाला २,८०० रुपये.

मग गावच्या तिन्ही प्राथमिक शाळा घेतल्या. मिळून ११० मुलं. वर्षाला ७७ किलो अळसांदे आणि फरक ७,७०० रुपये. दोनदा बेरीज केली, मला वाटलं एखादं शून्य राहिलं. गणपतीत आमच्या वाड्यावर एका रात्रीच्या फटाक्यांना याहून जास्त जातात.

दादा (डिचोलीचे), ७७ किलोंसाठी आमच्या मळ्यात माझ्यासारखी आणखी दोन-तीन शेतं पेरली गेली की झालं. तुमच्यासारखी ११ घरं नसली तरी चार नक्की जमतील. चाऱ्याची तोड मी उद्याच गुरंवाल्या काकांशी बोलते.

फोंड्याचा दुकानदार

मी किराणा विकतो, ३० वर्षं झाली. माझं थोडं वेगळं मत आहे, राग मानू नये.

वाटाण्याला शत्रू करू नका. १ नोव्हेंबर २०२५ पासून पिवळ्या वाटाण्याच्या आयातीवर ३० टक्के शुल्क लागलंय, त्याआधी जवळजवळ दोन वर्षं तो बिनशुल्क येत होता. शेतकऱ्याला आधार म्हणून शुल्क ठीक आहे. पण माझ्याकडे रोज संध्याकाळी मजुरी करून येणारं गिऱ्हाईक पाव किलो वाटाणा घेतं आणि त्यात पाच माणसांची भाजी होते. त्याला २०० रुपयांचे अळसांदे परवडत नाहीत. तो महाग कडधान्याकडे वळत नाही, तो कडधान्य घेणंच कमी करतो आणि बटाटा वाढवतो. हे मी गल्ल्यावर बसून बघतो.

दुसरं, मालाचं. गावठी अळसांदे मेमध्ये पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, वेळी हातोहात जातात. पण जुलैत माझ्याकडे पिशव्या परत येतात, आत भुंगे. तो भुंगा बहुतेक वेळा डब्यात नाही शिरत, शेतातच शेंगेवर अंडी घालतो आणि दाण्यातून घरी येतो. दाणा दाताखाली कटकन फुटेपर्यंत वाळवायला हवा. मग किलोला चमचाभर खाद्यतेल चोळून घट्ट झाकणाच्या पिंपात. आमची आजी गाळलेली राख घालायची, तेही चालतं, पण गिऱ्हाईक राखेचा दाणा घेत नाही. ज्यांच्याकडे डीप फ्रीजर आहे त्यांनी आठवडाभर आत ठेवून मग नीट कोरडे करून भरले तर अंडीसुद्धा मरतात.

माझ्याकडचा खप बघाल तर कडधान्यं वर्षभर सारखी जात नाहीत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, मग श्रावण, मग चवथ. या साडेतीन महिन्यांत शिवराक (शाकाहारी) खाणं वाढतं आणि अळसांदे, मूग, कुळीथ, काळे वाटाणे सगळं उठतं. शाळेलाही जून ते सप्टेंबरच आठवड्यातून दोनदा द्या. ताजा माल असतो, भुंग्याला वेळ मिळत नाही आणि शेतकऱ्याचे डबे पावसातच रिकामे होतात. वर्षभर साठवणं तुम्हाला झेपणार नाही.

पेडण्याची बाई

राग कसला, तुम्ही माझा एक मोठा घोळ सोडवलात. ३५ आठवडे साठवायचे कुठे, हा प्रश्न होताच. मागच्या सप्टेंबरात माझ्या तळाच्या डब्यातही भुंगा निघाला होता, साडेतीन किलो कोंबड्यांना घातले. जून ते सप्टेंबर आठवड्याला दोनदा म्हटलं तर साधारण तेवढीच जेवणं होतात आणि साठवण चार महिन्यांत संपते.

वाटाण्याबद्दलही तुमचं पटलं. मजुराच्या घरातला वाटाणा महाग व्हावा असं मी मागणार नाही. मला मुलांच्या ताटात आपल्या मळ्यातलं काहीतरी हवंय, एवढंच. आणि खरं सांगायचं तर ज्या घरांत महाग म्हणून अळसांदे येत नाहीत, त्या घरच्या मुलांना ते शाळेत तरी मिळावेत.

पर्वरीची आहारतज्ज्ञ

चर्चा वाचली, दोन गोष्टींची भर घालते.

आयसीएमआरच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या ताटात डाळी-कडधान्यं, अंडी आणि मांस-मासे मिळून ८५ ग्रॅम सांगितले आहेत. गोव्यात मासे खाणारं घर हा आकडा गाठतं असं आपण धरून चालतो. पण माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी काल काय खाल्लं ते तपशिलाने विचारते, तेव्हा बांगड्याचा चांगला तुकडा कोणाच्या पानात गेला आणि माशाच्या हुमणाच्या नुसत्या रसावर कोणी भात खाल्ला ते कळतं. कडधान्याची भाजी टोपातून पळ्यांनी वाढली जाते, तिथे तुकड्याची वाटणी नसते. म्हणून मी त्यांना आठवड्यातून तीन दिवस तरी तोणाक करा म्हणून सांगते. सुक्या अळसांद्यात १०० ग्रॅमला २० ग्रॅमहून जास्त प्रथिनं असतात.

दुसरं, ब्राझीलचं. तिथे २००९ च्या कायद्याने शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशांपैकी निदान ३० टक्के रक्कम छोट्या कुटुंबशेतीकडून माल घेण्यावर खर्च करायची असं ठरवलं. त्यांचं रोजचं जेवणही भात आणि घेवड्याचंच. जवळचं उदाहरण हवं तर ओडिशाने नाचणी हमीभावाने विकत घेऊन तिचे लाडू अंगणवाडीत नेले. गिऱ्हाईक ठरलं की शेतं वाढतात. तुमची ७७ किलोंची मागणी त्याच जातीची आहे. संकोच करू नका.

निवृत्त कृषी सहायक, सत्तरी

बाई, एक राहिलं. यंदा ऑक्टोबराच्या शेवटी पावसाने भात उशिरा कापलं गेलं, म्हणून पेरणीला उशीर झाला असं समजू नका. जमिनीत ओल नेहमीपेक्षा बरी आहे. नोव्हेंबर संपायच्या आत पेरा. पण चिखल असेल तिथे थांबा, दाणा कुजेल.

पेडण्याची बाई

मंडळी, कागद तयार झाला. इथे घालते, चूक असेल तर शनिवारपर्यंत सांगा, रविवारी ग्रामसभा आहे.

पहिली मागणी: आमचा मळा दरवर्षी भात कापल्यापासून शिमग्याच्या पौर्णिमेपर्यंत सुट्या गुरांना बंद. या मुदतीत पंचायतीने कोंडवाडा चालू ठेवावा. शेंगा खुडल्यावरचा चारा गुरं बाळगणाऱ्यांना फुकट मिळेल, तसं आम्ही पेरणारे लिहून देतो.

दुसरी मागणी: गावच्या तिन्ही शाळांना जून ते सप्टेंबर आठवड्यातून दोन दिवस गावचे अळसांदे. त्यासाठी पंचायतीने वर्षाला ७,७०० रुपयांचा फरक द्यावा. शेतकऱ्याचे पैसे माल दिल्यापासून पंधरा दिवसांत चुकते व्हावेत, त्यासाठी साधारण १५,४०० रुपयांची रक्कम फिरती ठेवावी, म्हणजे ७७ किलोंची पूर्ण किंमत. गटाचं बिल निघालं की गटाने आपल्या वाट्याचे पैसे त्यात परत भरायचे. वहिनी, हे तुमच्या उधारीसाठी घातलंय. दर २०० रुपये, पेरणीआधी जाहीर.

महामंडळाच्या खरेदीचं आणि उताऱ्याचं वेगळं निवेदन करते आहे, कारण पंच म्हणाले होते दोनच.

काल गुरंवाल्या काकांकडे गेले होते. आधी काही बोलले नाहीत, चहा दिला. मग म्हणाले, "तुझ्या सासऱ्याने एकदा माझ्या गाईला कोंडवाड्यात नेऊन घातलं होतं, पण चारा द्यायचं कोणी म्हटलं नव्हतं." निघताना म्हणाले, शिमग्यापर्यंत बांधून ठेवीन. त्यांच्याकडे सात गुरं आहेत, मळ्यावर येणारी बरीचशी त्यांचीच.

चार घरं ठरली. पेरणी गुरुवारपासून. हजार मीटरला मी तीन किलो बियाणं धरते, तेवढं चौघांना पुरून माझ्याकडे अडीच किलो जास्त आहे. तांबडा दाणा, सासऱ्यांच्या वेळचा. पेडणे-बार्देशात कोणाला पेरायला हवं असेल तर इथे कळवा. पैसे नकोत, शिमग्यानंतर तेवढंच परत द्या.